खेळातला धर्म रचताना देवापासून सुरुवात करू नका

रोल-प्लेइंग गेमसाठी, म्हणजे खेळाडू काल्पनिक जगातली पात्रं होऊन खेळतात त्या खेळासाठी, धर्म रचताय? देवाचं नाव, शस्त्र, चिन्ह हे सगळं नंतर. आधी ठरवा, लोक पुजाऱ्याकडे कशासाठी जातात? जन्म, लग्न, मरण, पीक, शपथ, आजार, यातली दोनच कामं त्याच्याकडे द्या. अंत्यविधीचा हक्क फक्त पुजाऱ्यांचा असेल, तर रानात मारलेल्या शत्रूच्या प्रेताचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच लढाईनंतर उभा राहतो. धर्म खेळात उतरतो तो असा.

पुजाऱ्यांच्या ३ पायऱ्या पुरेत: शिकाऊ, गावचा पुजारी, प्रांताचा प्रमुख. प्रत्येकाला एक अधिकार, एक बंधन. बंधन पदोपदी आडवं यायला हवं. ‘सूर्यास्तानंतर खोटं बोलायचं नाही’ हे चालतं. ‘सदाचाराने वागा’ हे चालत नाही, कारण ते मोडलं की नाही हे खेळताना कुणालाच सांगता येत नाही.

एकाच विधीवरून भांडणारे दोन गट मात्र घालाच. नवशिक्याचा धर्म एकमुखाने बोलतो, म्हणून तो निर्जीव वाटतो. आणि देव पुजाऱ्याची शक्ती काढून घेऊ शकत असेल, तर भ्रष्ट पुजारी टिकतो कसा? खेळाडू हे विचारणारच. उत्तर आधी लिहून ठेवा.

सगळं एका पानात बसवा. खेळाडूंना त्यातल्या ५ ओळीच द्या.