घरपट्टी मालकाची, टाच गाळ्यावर

प्रश्न : इमारतीत तीन गाळे आहेत, तिघेही भाडेकरू. माझे भाडे महिना ३०,००० रुपये, शेजाऱ्यांचे २०,००० आणि ५०,०००. मालकाने घरपट्टी थकवली असून महापालिकेने २,४०,००० रुपयांची नोटीस माझ्या शटरवर चिकटवली आहे. न भरल्यास गाळा सील करू म्हणतात. मी भाडे कधीच चुकवलेले नाही. मालकाचे भाडे थांबवू का?

उत्तर : भाडे थांबवू नका. मालकाला तुमच्याविरुद्ध थकबाकीचा दावा लावायला आयते निमित्त मिळेल, आणि पालिकेच्या हिशेबात त्याने काडीचाही फरक पडणार नाही.

आधी तो कागद कोणाच्या नावावर आहे ते बघा. मालकाच्या नावाची नोटीस दारावर लावणे वेगळे आणि भोगवटादार (जागा प्रत्यक्ष वापरणारा) म्हणून तुमच्या नावाने बिल काढणे वेगळे. मुंबईबाहेरच्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याच्या कलम १४० नुसार मालकाला बिल देऊनही त्याने भरले नाही, तर पालिका गाळेधारकाला बिल देऊ शकते (मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चे कलम २०९). पण तिथे तीन मर्यादा आहेत. भोगवटादार अनेक असतील तर रक्कम भाड्याच्या प्रमाणात वाटायची. एक वर्षाहून जुनी थकबाकी भोगवटादाराकडून वसूल करता येत नाही. तुम्ही गाळ्यात नव्हता त्या काळाचीही नाही. समजा, २,४०,००० पैकी गेल्या वर्षाचे ६०,००० आहेत. एकूण भाडे एक लाख, तुमचे तीस हजार. म्हणजे तुमच्या वाट्याला १८,००० येतात.

आता मेख इथे आहे. ही मर्यादा तुमच्यापुरती झाली, इमारतीला ती लागू नाही. कलम १४१ प्रमाणे हा कर इमारतीवरचा पहिला बोजा (त्या इमारतीतूनच वसूल करता येणारे देणे) आहे, त्यामुळे जुन्या १,८०,००० साठी जप्ती होऊ शकते आणि तिची झळ तुमच्याच धंद्याला बसते. मालाचे मात्र तसे नाही. बोजा करदात्याच्या स्वतःच्या मालावर असतो, तुमच्या नाही. खरेदीची बिले आणि स्टॉक रजिस्टर यांच्या प्रती गाळ्याबाहेर ठेवा, नाहीतर पुरावाही सीलच्या आत अडकतो. सील करायला आलेच, तर पंचनाम्यात मालाची नोंद करून घ्या आणि प्रत मागा.

पैसे भरायचे ठरले, तर आधी मालकाला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा : बिलाची प्रत, भरण्याची मुदत, आणि न भरल्यास मी भरून भाड्यातून वळते करीन. भरणा स्वतःच्या खात्यातून, मालमत्ता क्रमांक लिहून करा. पावती बहुधा मालकाच्याच नावाने निघते. म्हणून सोबत ‘भोगवटादार म्हणून भरत आहे’ असे पत्र पालिकेला द्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पुढे वाद झाला तर पावतीपेक्षा हा शिक्काच जास्त कामाला येतो.

कलम १४० खाली भरलेली रक्कम मालकाच्या हिशेबात तुमच्या नावे जमा धरायची, असे ते कलमच सांगते. शिवाय भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८(जी) व्याजासह भाड्यातून वळते करू देते. करारात उलट काही लिहिलेले नाही ना, तेवढे तपासा. लिव्ह अँड लायसन्स (जागा फक्त वापरू देणारा करार) असेल तर कलम १०८ चा आधार नाही, पण करार अधिनियम, १८७२ चे कलम ६९ आहे : दुसऱ्याने कायद्याने द्यायची रक्कम आपले हित अडकल्यामुळे भरावी लागली, तर ती त्याच्याकडून परत मागता येते. आणि भाड्यावर टीडीएस (भाडे देतानाच कापायचा आयकर) कापावा लागत असेल तर तो पूर्ण भाड्यावर कापा. वळते करून उरलेल्या रकमेवर कापला, तर कमी कपातीची नोटीस तुम्हालाच येईल.

प्रश्न : करारात घरपट्टी मी द्यायची असे आहे. दर महिन्याला भाड्यासोबत मालकाला देतो, पण त्याने ती पालिकेत भरलीच नाही. आता शास्ती (उशिराचा दंड) कोणाची?

उत्तर : तुमच्या दोघांच्या हिशेबात मालकाची, पण तुम्ही मालकाला दिलेल्या पैशांशी पालिकेला देणेघेणे नाही. तिच्यासाठी बिल अजून थकलेलेच आहे, आणि त्यावर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे ६०,००० वर १,२०० रुपये. बँक स्टेटमेंटमधून घरपट्टीची रक्कम वेगळी दाखवता आली तर मालकाकडे शास्तीसह मागता येईल. भाडे आणि घरपट्टी एकाच आकड्यात देत आला असाल तर तेही अवघड होईल. यापुढे थेट पालिकेत भरा आणि मालकाला पावतीची प्रत द्या.

प्रश्न : नवा गाळा घेताना काय पाहावे?

उत्तर : मालक पावती दाखवतो, तुम्ही बिल मागा. अर्धवट भरले तरी पावती निघतेच. थकलेले कळते ते चालू बिलातल्या ‘मागील थकबाकी’ रकान्यात. तिथेच वापर ‘निवासी’ दिसला आणि तुम्ही दुकान थाटणार असाल, तर बिगरनिवासी आकारणी झाल्यावर फरक कोण भरणार हे करारात लिहून मगच डिपॉझिट द्या.