हेल राहू दे, बोलणे स्पष्ट कर

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

मुलाखतीत तुझ्या इंग्रजीला ‘गावठी’ म्हटले गेले आणि म्हणून तू पणजीत अ‍ॅक्सेंटचा क्लास लावणार आहेस, हे वाचून वाईट वाटले आणि रागही आला. डिचोलीच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने आपण दुसऱ्याच गावचे असल्यासारखे का बोलावे? समोरच्याला समजले का, एवढेच पाहा.

इंग्रजीतला ‘र’च घे. इंग्लंडमध्ये प्रतिष्ठित मानलेल्या उच्चारात ‘कार’मधला शेवटचा ‘र’ ऐकू येत नाही. नैर्ऋत्येकडच्या खेड्यांत तो स्पष्ट येतो, म्हणून तो अडाण्यांचा समजला गेला. न्यूयॉर्कमध्ये याच्या अगदी उलट. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये तिथल्या तीन मोठ्या दुकानांतील विक्रेत्यांकडून ‘फोर्थ फ्लोअर’ हे शब्द वदवून घेतले, तेव्हा महागड्या दुकानात ‘र’ सर्वांत जास्त आणि स्वस्त दुकानात सर्वांत कमी ऐकू आला. मग दोष त्या ‘र’चा कसा?

अमेरिकी संशोधक डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला आजही अस्वस्थ करतो. अमेरिकी विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकी स्त्रीच्या आवाजातले व्याख्यान ऐकवताना काहींना गोऱ्या, तर काहींना आशियाई स्त्रीचे छायाचित्र दाखवले होते. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परका हेल जाणवला आणि व्याख्यानही कमी समजले. आता चेहऱ्यासाठी कोणता क्लास लावशील?

समजण्याच्या बाबतीत मात्र मी तुला सूट देणार नाही. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ तू सारखेच म्हणतेस. ‘हॉटेल’चा जोर इंग्रजीत दुसऱ्या अक्षरावर असतो, तू तो पहिल्यावर देतेस, आणि घाबरलीस की शब्दांची शेवटची अक्षरे गिळतेस. त्यावर रोज मोठ्याने वाचून मेहनत घे, कारण तिथे ऐकणारा खरोखर अडतो.

मी पेडण्याचा हेल घेऊन आयुष्यभर इंग्रजीतून शिकवले. सुरुवातीला हसतील या भीतीने सभांमध्ये गप्प बसलो, त्याची हळहळ अजून आहे. हेल न बदलल्याची कधीच वाटली नाही. सहकाऱ्यांनी त्याला अहंकार म्हटले. म्हणोत. मागच्या बाकावरच्या मुलाला विषय समजत होता, आणि माझे काम तेच होते.

फी भरली नसशील तर भरू नकोस. पुढच्या मुलाखतीत कोणी हेलावर बोट ठेवले, तर कोणता शब्द समजला नाही ते नम्रपणे विचार, आणि तेवढाच शब्द सावकाश पुन्हा सांग.

तुझे सर