‘रिव्हर्बरेट’ म्हणजे नुसता प्रतिध्वनी नव्हे

या खेपेच्या वाचकांच्या पत्रांतही ‘रिव्हर्बरेट’ याच इंग्रजी क्रियापदाचा घोळ आहे, म्हणून उत्तरे एकत्र देतो.

प्रश्न : उच्चारात जोर कुठे द्यायचा?
‘व्हर्’वर.

प्रश्न : हा शब्द ‘व्हर्ब’वरून आला, असे मित्र म्हणतो. खरे का?
नाही. ‘व्हर्ब’ लॅटिन ‘व्हर्बुम’पासून आला, त्याचा अर्थ शब्द. ‘रिव्हर्बरेट’च्या मुळाशी फटके मारणे आहे, ‘रि’ लागले की मारून मागे परतवणे. अक्षरे जुळली म्हणून सोयरीक जुळवू नका. व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडा.

प्रश्न : ‘रोज पन्नास शब्द’ या कोर्सच्या यादीत ‘एको’ आणि ‘रिव्हर्बरेट’ दोन्हींपुढे ‘प्रतिध्वनी उमटणे’ आहे. मग फरक काय?
अशा याद्या विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पाठांतर होते, वाक्य मात्र चुकते.

एकदा टाळी वाजवून पाहा. समोरची भिंत साधारण 17 मीटर किंवा त्याहून लांब असेल, तर टाळी सुटी, वेगळी परत ऐकू येते. हा ‘एको’. आता सामान हलवलेल्या रिकाम्या खोलीत वाजवा. आवाज सगळ्या भिंतींवरून परततो, एकात एक मिसळतो, रेंगाळतो आणि विरतो. हे ‘रिव्हर्बरेट’. आपल्याकडे त्याला ‘घुमणे’ हा नेमका शब्द असताना प्रतिध्वनी कशाला?

लाक्षणिक अर्थात तर वाटा आणखी फुटतात. ‘शी एकोड हिज व्ह्यूज’ म्हणजे तिने त्याच्या मताला दुजोरा दिला. टीकेचा सूर असेल तर त्याचीच री ओढली. इथे ‘रिव्हर्बरेट’ बसवता येत नाही. एखाद्या निर्णयाचे दूरवर पडसाद उमटले असतील, तर मात्र ‘रिव्हर्बरेट’च हवे. कोणता मराठी शब्द घ्यायचा हे आजूबाजूचा मजकूर ठरवतो, म्हणून शंका असेल तर अख्खा परिच्छेद जाणकाराला दाखवा.

प्रश्न : पुढे ‘थ्रू’ की ‘विथ’?
आवाज कर्ता असेल तर ‘थ्रू’ किंवा ‘अराउंड’. जागा कर्ता असेल तर ‘विथ’ : ‘द हॉल रिव्हर्बरेटेड विथ अप्लॉज’, सभागृह टाळ्यांनी दुमदुमले.

प्रश्न : आभाराचे पत्र उद्याच द्यायचे आहे. ‘युअर स्पीच रिव्हर्बरेटेड विथ मी’ चालेल ना?
नको. भाषण मनाला भिडले म्हणायचे असेल तर ‘रेझोनेटेड विथ मी’. आणि आदल्या दिवशी कसले विचारता? एका शब्दात असे होत असेल, तर बाकीच्या पत्राचे काय? आज रात्रीच चांगले इंग्रजी येणाऱ्या कुणाकडून तरी ते पूर्ण वाचून घ्या.