फाट्यावरचे अपघात: रॅलीच्या आधी वही काढा

तुम्ही विचारलंय की गावाजवळच्या फाट्यावर वरचेवर अपघात होतात, तरुण मंडळाला काहीतरी करायचंय, पण रॅली आणि फलक सोडून काय करता येईल? मी सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात राहतो आणि गावातल्या काही जणांबरोबर हेच काम बरीच वर्षं करतोय. माझं ठाम मत सांगतो: आधी जागा सुधारा, माणसांना शिकवणं त्यानंतर.

सुरुवात एका वहीने करा. पोलिसांच्या दप्तरात मोठे अपघातच येतात. कुणाची गाडी घसरली, कुणी कुत्रं आडवं आल्याने पडलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते माहीत असतं फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला, चहाच्या टपरीवर बसणाऱ्यांना, वडापच्या (प्रवासी भरून चालणाऱ्या जीपच्या) चालकांना. त्यांच्याशी बोला आणि जागा, वेळ, वाहन आणि ते कुठून कुठे वळत होतं, एवढंच लिहा. आमच्याकडे असं लिहिल्यावर दिसलं की बरेचसे प्रकार सकाळी कॉलेजच्या वेळी एसटी थांब्यापाशी होतात. थांबा फाट्याच्या अलीकडे होता. बस उभी राहिली की उतरलेली मुलं बसच्या पुढून रस्ता ओलांडायची, आणि बसला ओव्हरटेक करून येणाऱ्याला ती अगदी जवळ येईपर्यंत दिसायचीच नाहीत. थांबा फाट्याच्या पलीकडे गेला तशी मुलं बसच्या मागून ओलांडू लागली आणि मागून येणाऱ्यांना लांबूनच दिसू लागली. समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी मात्र रंबलपट्ट्या (वेग कमी करायला लावणारे रस्त्यावरचे खडखडीत आडवे पट्टे) वेगळ्या मागाव्या लागल्या. वहीशिवाय हे आम्हाला सुचलंच नसतं. आम्ही आधी मुलांच्या बेशिस्तीवरच बोलत होतो.

दुसरं काम म्हणजे रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते शोधणं. गावातली निम्मी निवेदनं चुकीच्या टेबलावर पडून राहतात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते साधारण जिल्हा परिषदेकडे, तर राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याचं कार्यालय वेगळं. ग्रामसभेचा ठराव करून घ्या, त्याला वहीतली नोंद आणि फोटो जोडा, उपअभियंत्याला द्या आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात आणि पोलीस, आरटीओ, बांधकाम हे सगळे त्या समितीत बसतात. अर्जात ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं मोघम लिहू नका. वळणावरच्या बाभळी छाटा, डांबराच्या कडेची साइडपट्टी मुरमाने भरा, फाट्याआधी फलक लावा, असं एकेक काम लिहा. साइडपट्टीकडे विशेष लक्ष द्या. डांबराचे थर चढत जातात, कडेची माती खालीच राहते, आणि ट्रकला वाट देताना खाली उतरलेला दुचाकीवाला परत वर चढताना त्या कडेला चाक घासून आडवा होतो.

‘ब्लॅक स्पॉट (सरकारी नोंदीतली अपघातप्रवण जागा) जाहीर होईपर्यंत काही होणार नाही’ असं कुणी सांगितलं तर थांबू नका. राष्ट्रीय महामार्गासाठी ती व्याख्या अशी आहे की सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. तेवढी माणसं जाण्याची वाट कशाला बघायची? झाडं छाटायला आणि पट्टे मारायला त्या शिक्क्याची गरज नसते.

एक कळकळीची विनंती. अपघात झाल्यावर संतापाने रात्रीत मुरूम आणि दगड टाकून गतिरोधक करू नका. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि जेमतेम १० सेंटिमीटर उंच, गोलसर चढाचा असतो, त्यावर रंग असतो आणि ४० मीटर आधी फलक असतो. आपण केलेला उंचवटा अरुंद, उभा आणि अंधारात न दिसणारा असतो. त्यावर मागे बसलेली बाई उडून पडते. डोक्याला मार लागलेल्या अशा बायका मी पाहिल्या आहेत.

आता ऊस. तुमच्याकडे कारखाना असेल तर निम्मं काम तिथेच आहे. हंगामात रात्री दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर विनादिवा चाललेला असतो, उसाच्या वाढ्यांनी (शेंड्याच्या पाल्याने) मागचे दिवे झाकलेले, आणि मागून येणाऱ्या दुचाकीला तो दिसतो तेव्हा ब्रेक मारायलाही अंतर उरलेलं नसतं. बॉयलर पेटायच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच कारखान्याचे शेतकी अधिकारी आणि वाहतूक ठेकेदारांना भेटा. कापडी रिफ्लेक्टर उसाच्या मोळ्यांवरून, अगदी मागे बांधता येतात, खर्चही फारसा नाही. पण ते एकदा बांधून भागत नाही, धुळीने आणि चिखलाने महिनाभरात चमक जाते. म्हणून कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीकडे गाड्या नंबरात उभ्या असतात तिथेच आमची पोरं फडकं घेऊन जातात, पुसतात, फाटलेले बदलतात, चालकांशी दोन शब्द बोलतात. हे चालक-मजूर लांबून आलेले, झोप अपुरी झालेले असतात. त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही. पंक्चर झाल्यावर चाकाला लावलेले मोठे दगड जाताना बाजूला काढायचे, एवढी एक गोष्ट त्यांच्याकडून करून घेतलीत तरी पुढचा अपघात टळतो.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांत दुचाकीवरची सगळ्यांत जास्त. ‘शेतापर्यंत तर जायचंय’ हे उत्तर घरोघरी मिळेल. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने लागतंच, हे बहुतेकांना माहीत नसतं. शाळेतल्या पालकसभेत एक गोष्ट नक्की सांगा: अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. आमच्याकडे शेवटचं वाक्य ऐकून वडील मंडळी गप्प झाली.

आणि अपघात झालाच तर? लोक पोलिसांच्या चकरांना भिऊन हात लावत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय: चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला चालवता येत नाही आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. हे टपरीवर लिहून चिकटवा, खाली १०८ मोठ्या अक्षरात. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विनंती करून मंडळातल्या मुलांना रक्तस्राव दाबून थांबवणं, मान न हलवता उचलणं, पाणी न पाजणं एवढं शिकवून घ्या. आणखी एक सांगायचं राहिलं: २०२५पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. ॲडमिट करतानाच त्याबद्दल विचारा.

तुमचा फाटा राज्यमार्गावर आहे की जिल्हा मार्गावर, थांबा कुठल्या बाजूला आहे आणि वहीत काय निघालं ते इथेच लिहा. त्यावरून ठरावात कोणती कामं मागायची ते मी सांगतो.