चाळीस वॉटचा अँप्लिफायर, शंभर वॉटचे स्पीकर

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये १० बाय १५ फुटांचा हॉल आहे. नव्या स्पीकरवर ‘१०० वॉट, ८ ओहम, ८७ डेसिबल’ असे छापले आहे. जुना अँप्लिफायर ४० वॉटचा, ८ ओहमसाठीचा आहे. कमी वॉटमुळे स्पीकर जळतात, असे दुकानदार म्हणतात. अँप्लिफायर बदलावा का?
— एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : बदलण्याची घाई करू नये. १०० वॉट हा आकडा स्पीकर किती सोसू शकतो एवढेच सांगतो. आपल्या उपयोगाचा आकडा ८७ डेसिबलचा आहे, कारण १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती आवाज मिळेल हे त्यावरून कळते. वॉट दुप्पट केले की आवाजात जेमतेम ३ डेसिबलची भर पडते आणि कानाला तो दुप्पट वाटायचा तर सुमारे दहापट वॉट लागतात. त्यामुळे ८० वॉटचा अँप्लिफायर आणूनही पदरात फारसे पडणार नाही.

आपण अडीच मीटरवर बसत असाल, तर दोन्ही स्पीकरना प्रत्येकी १ वॉट दिल्यावर तिथे ढोबळमानाने ८२ डेसिबल पोहोचतात. ७५ डेसिबलच्या आसपास गाणे ऐकताना पाव वॉटही खर्च होत नाही. मात्र संथ आलापीनंतर तबल्याची थाप अचानक २० डेसिबलने उसळली, तर त्या क्षणापुरते स्पीकरमागे २० वॉट लागतात. ४० वॉटमध्ये हे सहज सामावते, आणि फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा विचार करता याहून अधिक आवाज करूही नये.

दुकानदारांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. अँप्लिफायरला झेपेनासे झाले की लहरींचे माथे छाटले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. आवाज तसाच वाढवत राहिल्यास ट्विटरकडे, म्हणजे स्पीकरमधल्या उंच स्वरांसाठीच्या छोट्या भागाकडे, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त शक्ती जाते आणि त्याची केसासारख्या बारीक तारेची कॉइल तापून जळते. म्हणजे दोष कमी वॉटचा नसून बटण गरजेपेक्षा पुढे फिरवण्याचा असतो.

पुढेमागे नवा अँप्लिफायर घ्यावासा वाटलाच, तर ‘पीएमपीओ’च्या, म्हणजे क्षणभरापुरत्या कमाल शक्तीच्या, हजारांतल्या आकड्यांना अजिबात भुलू नये, ८ ओहमवर, डावे-उजवे दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू असताना सलग किती वॉट मिळतात, तेवढेच विचारावे. तोवर ओळखीचे ध्वनिमुद्रण लावून आवाज हळूहळू वाढवावा. थापेची कड फाटल्यासारखी किंवा ‘स’ चिरका ऐकू आला, की बटण लगेच मागे घ्यावे आणि ती खूण लक्षात ठेवावी.