बोअरच्या पाण्यात पीएच टिकत नाही आणि मुळं तपकिरी पडायलीत, ट्रायकोडर्मा टाकू का?

तुमचं म्हणणं असं की लातुरात गच्चीवर हायड्रोपोनिकनं, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात, बादल्यांमधे पालक, लेट्यूस लावलंय, पाणी बोअरचं, रात्री पीएच (पाणी किती आम्ली आहे तो आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ली) ५.८ केला की दुसऱ्या दिवशी परत ७ च्या वर, आणि आता मुळं खराब व्हायलीत. मी परभणीत बोअरच्याच पाण्यावर करतो, म्हणून सांगतो, आधी ट्रायकोडर्मासारखी उपयोगी बुरशी किंवा जिवाणू नाही, आधी पाणी बघा.

आपल्याकडं सगळं काळ्या खडकातलं पाणी, बायकार्बोनेट भरपूर, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना तो त्याचाच. ॲसिड टाकलं की ते बायकार्बोनेटवर खर्च होतं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो पाण्यात असेपर्यंत मीटर कमी आकडा दाखवतं, रात्रभर एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालला की तो उडून जातो अन पीएच वर. म्हणून झाडं असलेल्या बादलीत रोज ॲसिड ओतायचं बंद करा. वेगळ्या ड्रममधे पाणी घ्या, जमलं तर अर्धं आरओचं मिसळा, फॉस्फोरिक ॲसिड आधी मगभर पाण्यात पातळ करून टाका (ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमधे कधीच नाही), रात्रभर हवा सोडा, सकाळी वर गेलेलं दिसेल, परत थोडं टाका. मग न्यूट्रियंट (पाण्यात विरघळणारं खत) घाला आणि शेवटचा पीएच लावा. लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड नको, जिवाणू ते खाऊन टाकतात आणि पीएच होता तिथं येतो. एवढं केल्यावर ५.५ ते ६.५ मधे हळूहळू वर सरकला तर सरकू द्या, झाडं नायट्रेट उचलतात तसा तो वाढतोच. बादलीत उजेड जात असेल तर शेवाळंही दिवसा पीएच वाढवतं, तेवढं झाका.

आता मुळं. एक मूळ चिमटीत धरून हळूच ओढा. वरची साल सुटून हातात आली, आत दोऱ्यासारखी बारीक शीर उरली आणि सडका वास आला तर ती कूज आहे, बहुतेक पिथियम (मुळं कुजवणारा बुरशीसारखा रोगजंतू). मूळ टणक असेल, वास नसेल तर घाबरू नका, न्यूट्रियंटचा रंगही मुळांना चढतो.

पिथियमला गरम पाणी आवडतं आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो, २० अंशाला लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसातच्या आसपास. एप्रिल-मे मधे आपल्या गच्चीवर बादली तापली की कुठलीच पुडी कामाला येत नाही हे मी अगदी ठासून सांगतो. थर्माकोलचा खोका, ओलं गोणपाट, वर शेडनेट, आणि शक्य असेल तर टाकी खाली सावलीत ठेवा.

त्यानंतर जिवाणू. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, कोकोपीटमधे (नारळाच्या काथ्याचा भुसा) छान चालते, नुसत्या पाण्यासाठी बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू जास्त बरा. पावडरमधे टाल्क असतं, ते पंपात बसतं, म्हणून लिक्विड घ्या नाहीतर भिजवून मलमलच्या कापडातून गाळा. हे कूज व्हायच्या आधी मुळांवर जम बसवण्यासाठी असतं, सडलेलं मूळ त्यानं परत जिवंत होत नाही. आणि हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ब्लीचिंग चालू असेल तर जिवाणू टाकूच नका, पैसे वाया, दोन्हीपैकी एकच रस्ता धरा. नळाचं क्लोरीनचं पाणी आणत असाल तर तेही एक रात्र उघडं ठेवून वापरा. गूळ, जीवामृत वगैरे शेतात ठीक, बादलीत टाकलं की पाणी नासतं आणि असलेला ऑक्सिजनही संपतो.

चांगली उगवलेली रोपं उन्हाळ्यात अशी गेली की लोक हायड्रोपोनिकच सोडून देतात, मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहिलं. आज जास्त सडलेली रोपं काढून टाका, बादल्या धुवा, आणि दुपारी तीनला पाण्यात थर्मामीटर घालून किती आलं ते लिहा, मग उरलेल्यांचं काय करायचं ते सांगतो.