आधी मुलांना कोडं घाल

अंतराळ सहकार्यावर उपक्रम करायचा म्हणतोस, तर सुरुवात करारांच्या यादीने करू नकोस. मुलं जांभया देतील. मी एकदा ते करून बसलोय.

१९७५ची अपोलो-सोयूझ मोहीम घे. अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयूझ ही यानं अंतराळात एकमेकांना जोडली गेली. अमेरिकी यानात कमी दाबाचा शुद्ध ऑक्सिजन, सोव्हिएत यानात जमिनीवर असते तशी नायट्रोजन-ऑक्सिजनची हवा. मधलं दार थेट उघडणं धोक्याचं. मग दाब जुळवण्यासाठी दोन्हींच्या मधे एक वेगळी कुपी बसवली. जोडणीचं यंत्रही नव्याने आखलं: एकाने खुपसायचं आणि दुसऱ्याने धरायचं, असं नाही. दोन्ही बाजू सारख्या, पुढाकार कोणीही घ्यावा. (मानापमानाचा प्रश्नही त्यातच मिटला असावा, असं मला वाटतं.) भाषेचा तोडगा तर झकासच. अमेरिकी रशियन बोलायचे आणि रशियन इंग्रजी! सोयूझचा कमांडर अलेक्सी लिओनोव्ह चित्रकारही होता.

मुलांना दोन वेगळ्या मापांचे डबे दे, ‘हवा न सुटता जोडून दाखवा’ म्हण. उत्तराची घाई करू नकोस.

पुढची पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाशी हॅम रेडिओवरून (हौशी लोकांच्या बिनतारी संचावरून) बोलणं. शाळकरी मुलांना स्थानकावरच्या अंतराळवीरांशी बोलता यावं म्हणून एआरआयएसएस (ARISS) हा उपक्रम आहे, अर्ज खूप आधी करावा लागतो. स्थानक जेमतेम दहा मिनिटं टप्प्यात असतं, म्हणून प्रश्न छोटे ठेव. नुसतं ऐकायचं असेल तर १४५.८०० मेगाहर्ट्झ लाव. स्थानक जवळ येताना आणि दूर जाताना फ्रिक्वेन्सी किंचित सरकते; डॉप्लर परिणाम तिथेच शिकवून टाक.